सहा चुलींची एक पंगत

मुलांनो, रेल्वेचा नकाशा काढा आणि बल्लारशावर बोट ठेवा. आता बोट दक्षिणेकडे सरकवा. सिरपूर कागजनगर, मंचेरियाल, रामगुंडम, काझीपेठ, वरंगळ, महबूबाबाद आणि मग डोर्नकल. इथून कोळशाच्या खाणींकडे एक फाटा फुटतो. सापडलं? आता बोट परत बल्लारशाला आणा आणि उत्तरेकडे न्या. चंद्रपूर, भांदक, वरोरा, सेवाग्राम, नागपूर.

आजची गोष्ट या एकाच लोहमार्गावरची आहे. खालच्या टोकाला डोर्नकलमध्ये एक माणूस आहे. वरच्या टोकाला नागपुरात एक दिवस आहे. आणि मधे आपण, चंद्रपूर-गडचिरोलीचे लोक.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. चंद्रपूरला पूर्वी चांदा म्हणत, आणि गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होतं. ते वेगळं व्हायला १९८२ साल उजाडलं. या चांद्यात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एका चर्चने मिशन सुरू केलं. आता गंमत पाहा. नागपूरला १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉटलंडचेच. तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३ पासून आहे. हा गृहस्थ मोठा खटपट्या होता. वरोऱ्याकडे मांगली गावच्या दगडांत त्याने जीवाश्म शोधले आणि गोंडांची गाणी व कथा ऐकून लिहून ठेवल्या. १८६३ मध्ये पूर आलेली नदी ओलांडताना तो बुडून गेला. त्याच्यावर कधीतरी वेगळा लेख लिहायला हवा.

तर नागपूरचे मिशनरी स्कॉटिश आणि चांद्याचेही स्कॉटिश. दोघांचा देव एक, बायबल एक, आणि दोघेही इथे येऊन मराठी शिकले. मग दोघांचं चर्च एकच असेल ना? नव्हतं! नागपूरचं चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे मंडळीतून निवडलेले वडीलधारे आणि पाळक मिळून कारभार चालवणारं. त्यांना बिशप नको. चांद्याचं चर्च एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं सख्खं भावंड. त्यांचं बिशपशिवाय पान हलायचं नाही.

बिशप म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगते. एका मोठ्या भागातल्या सगळ्या चर्चची देखरेख करणारा धर्माधिकारी तो बिशप, आणि त्याच्या भागाला म्हणायचं धर्मप्रांत.

युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी या प्रश्नावरून मोठी भांडणं झाली होती. राजे बदलले, लढाया झाल्या, माणसं मेली. ती भांडणं संपली, पण वेगळ्या मांडलेल्या चुली तशाच राहिल्या. पुढे मिशनरी भारतात आले ते आपापली चूल बरोबर घेऊनच. एकमेकांच्या पायात पाय नकोत म्हणून मिशनांनी आपसात जिल्हे वाटून घेतले. हा जिल्हा तुमचा, तो आमचा. त्यामुळे ख्रिस्ती झालेला माणूस कोणत्या पंथाचा, हे त्याने काही ठरवायचंच नाही. ते त्याच्या गावावरून ठरे. आणि भांडण मुळात कशाचं होतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसे.

याचा त्रास काय व्हायचा? समजा, नागपूरच्या प्रेस्बिटेरियन घरातला एक माणूस नोकरीसाठी चांद्याला आला. रविवारी चर्चमध्ये गेला. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन नावाचा विधी असतो. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतात. एका अर्थाने ती पंगतच. पण अँग्लिकन नियम असा, की बिशपच्या हातून ज्याचं दृढीकरण झालंय त्यानेच या पंगतीला यायचं. पाहुणा बाकावर बसून राहणार. एकाच देवाचे भक्त, आणि पंगत वेगळी! आपल्या देशाला वेगळ्या पंगतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चांद्याच्या या मिशनमध्ये ॲलेक्स वुड नावाचे एक पाळक बरीच वर्षं होते. चांद्यातल्या कामावर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०६ मध्ये एडिंबरोहून निघालं. पुढे १९१९ मध्ये ते रांचीकडच्या छोटा नागपूर धर्मप्रांताचे बिशप झाले, आणि १९२६ पासून १९३६ पर्यंत नागपूरचे. चांद्याच्या धुळीत पायपीट केलेला माणूस नागपूरचा बिशप झाला, ही आपल्याकडची बढतीच म्हणायची. पण माणसं एकरंगी नसतात. गांधीजींच्या बाजूने उभा राहणारा तरुण इंग्रज पाळक व्हेरियर एल्विन मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये राहायला आला, तेव्हा याच वुड साहेबांनी त्याला राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय पाळकाचं काम करण्याचा परवाना द्यायला नकार दिला. एल्विनने शपथ घेतली नाही. १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडलं आणि तो आदिवासींवर लिहिणारा मोठा अभ्यासक झाला. बिशपच्या हातात केवढी सत्ता असे, ते यावरून कळतं. प्रेस्बिटेरियन मंडळींना बिशप का नको होता, तेही!

आता खालच्या टोकाला, डोर्नकलला जाऊ.

तिथल्या माणसाचं नाव वेदनायगम सॅम्युएल अझरया. जन्म १७ ऑगस्ट १८७४, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै या खेड्यात. वडील गावचे पाळक. मुलगा मद्रासला ख्रिश्चन कॉलेजात शिकला. मग ‘वायएमसीए’ या तरुणांच्या संस्थेचा चिटणीस म्हणून दक्षिण भारतभर हिंडला. हिंडताना त्याच्या मनात एक प्रश्न आला. परदेशातून माणसं येऊन इथे काम करतात, पैसे तिकडून येतात, हुकूमही तिकडूनच येतात. मग इथले ख्रिस्ती लोक काय करतात? १९०३ मध्ये त्याने तिरुनेलवेलीच्या मित्रांबरोबर एक मिशन काढलं. माणसं भारतीय, पैसे भारतीय, कारभार भारतीय. पण दुसऱ्याला कामाला लावून आपण शहरात बसणं त्याला पटेना. १९०९ मध्ये तो स्वतः बायकोमुलांसह निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला गेला. मातृभाषा तमिळ आणि तिथे सगळे तेलुगू बोलणारे. पस्तिशीत नवी भाषा शिकायला बसला! (पाढे पाठ होत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) पत्नी अंबू मरियम्माळ कॉलेजात शिकलेल्या. दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांमध्ये कॉलेजची पायरी चढलेल्या अगदी पहिल्यांपैकी त्या एक. डोर्नकलच्या कामात त्यांचाही बरोबरीचा वाटा होता.

१९१० मध्ये स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. हजाराहून जास्त प्रतिनिधी आले होते. त्यांत आशियातले किती असतील? विशीच्या आत. त्यांतला एक अझरया. गोरे मिशनरी आणि इथले कार्यकर्ते यांचे संबंध या विषयावर त्यांना बोलायचं होतं. त्यांनी काय सांगितलं माहीत आहे? तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत, त्याग केलात, त्याबद्दल पिढ्या तुमचे उपकार मानतील. पण तुम्ही आमच्याशी वागता ते मालकासारखं. आमच्यावर उपकार पुरे झाले, आता आमच्याशी मैत्री करा. सभागृहात काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींचे चेहरे उतरले. इंग्रजांचं राज्य असताना, इंग्रजांच्या देशात उभं राहून, त्यांच्या तोंडावर हे बोलायला छाती लागते.

दोनच वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये अझरया डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमधले ते पहिले भारतीय बिशप. हे सहज झालं नाही. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी त्यासाठी बराच नेट लावला. विरोध काही गोऱ्या लोकांचा होता, तसाच काही भारतीय ख्रिस्ती मंडळींचाही होता. आपल्यातलाच एक वर चढला की आपल्याच पोटात दुखतं, हे जुनंच आहे.

बिशप झाल्यावर ते बंगल्यात बसले नाहीत. बैलगाडीने गावोगाव फिरायचे. त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे, शेतमजुरी करणारे, लिहिता-वाचता न येणारे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या धर्मप्रांतात सुमारे दोन लाख ख्रिस्ती होते. गावातले चार राक्षस कोणते, तर घाण, रोगराई, कर्ज आणि दारू, असं अझरया सांगत. यांतल्या शेवटच्या राक्षसाशी गडचिरोलीच्या बायाबापड्यांनी केवढी झुंज घेतली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, ते तुमच्या आजीला विचारा.

इथे एक गोष्ट पालकांसाठी सांगायला हवी. अझरयांचं हे धर्मांतराचं काम गांधीजींना पटत नव्हतं. दोघांचा मतभेद खरा होता आणि तो अखेरपर्यंत मिटला नाही. दोघेही देशभक्त, दोघेही साधे राहणारे, दोघांनाही अस्पृश्यता नको. तरी मत वेगळं. इतिहासात अशी उदाहरणं आली की पोरं विचारतात, “मग बाई, बरोबर कोण?” दोघांचं नीट वाचावं आणि मग आपण ठरवावं.

आता ऐक्याकडे वळू. डोर्नकलच्या खेड्यांतून फिरताना अझरयांना दिसत होतं, की एका तालुक्यात अँग्लिकन, पलीकडे मेथडिस्ट, त्यापलीकडे बॅप्टिस्ट. लग्न करून मुलगी नदीपलीकडे गेली की तिचं चर्चच बदलायचं. १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडी या समुद्रकाठच्या गावी तेहतीस जण जमले. इंग्रज लोक या गावाला ट्रँकेबार म्हणत. तेहतिसांतले दोन सोडले तर सगळे भारतीय. त्यांत अझरया प्रमुख. त्यांनी जाहीर केलं, की ही फाटाफूट आमची नाही. तिची कारणं परदेशातली आहेत, ती आमच्यावर लादली गेली आहेत आणि आम्हांला एक व्हायचं आहे. जाहीर करायला दोन दिवस लागले. प्रत्यक्षात यायला अठ्ठावीस वर्षं!

एवढा वेळ का? घोडं अडलं ते त्याच जुन्या ठिकाणी. अँग्लिकन म्हणत, बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेला पाळकच खरा पाळक. बाकीचे म्हणत, म्हणजे आमचे पाळक इतकी वर्षं खोटे होते की काय? दोन्ही बाजूंना मान खाली घालायची नव्हती. समित्या बसल्या, मसुदे झाले, पुन्हा बदलले. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात जागतिक परिषद झाली, तिथे अझरयांनी युरोपीय मंडळींना बजावलं, की ऐक्य ही तुमच्यासाठी एक चांगली कल्पना असेल, आमच्यासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न किती खरा होता, ते एका आठवणीतून कळतं. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिक जिल्ह्यात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मग सगळ्या धर्मांचे लोक त्यांना भेटू लागले. अझरयांशीही बोलणं झालं, असं सांगतात. बाबासाहेबांनी विचारलं, आज आमचे लोक देशभर विखुरलेले असले तरी एक समाज आहेत. आम्ही ख्रिस्ती झालो तर सगळीकडे एकाच चर्चमध्ये असू का? अझरयांकडे उत्तर नव्हतं. इतकी लाज आपल्याला कधी वाटली नव्हती, असं ते म्हणाल्याचं सांगितलं जातं. बाबासाहेबांच्या निर्णयामागे मोठा अभ्यास आणि अनेक कारणं होती, या एका प्रश्नावर काही सगळं ठरलं नाही. पण प्रश्न अगदी मर्मावर होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्याला काय झालं ते इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. दीक्षाभूमी तर तुम्ही पाहिलीच असेल.

अझरया १ जानेवारी १९४५ ला डोर्नकललाच वारले. त्याच वर्षी भारतातल्या अँग्लिकन चर्चच्या सर्वोच्च सभेने ऐक्याच्या योजनेला होकार दिला. तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. २७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्य मिळून दीड महिना होतो न होतो तोच, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि त्यांच्यासारखे इतर, साधारण दहा लाख माणसं एका चर्चमध्ये आली. बिशप असलेलं चर्च आणि बिशप नसलेली चर्च अशी एकत्र येण्याची ही जगातली पहिली वेळ. तोडगा काय निघाला? बिशप राहतील, पण निवडून येतील आणि घटनेप्रमाणे वागतील. आणि जुने सगळे पाळक, हात कुणीही ठेवलेला असो, पाळकच राहतील.

इंग्लंडमध्ये काही लोक फार रागावले. टी. एस. एलियट या प्रसिद्ध कवीने तर १९४३ मध्येच या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. नव्या चर्चला मूळच्या अँग्लिकन घराचं दार बरीच वर्षं अर्धवटच उघडं राहिलं. एक होण्याची किंमत द्यावी लागते ती अशी.

दक्षिण झाली, उत्तरेचं काय? उत्तर भारतात बोलणी १९२९ पासूनच चालू होती. इथे काम जास्त कठीण, कारण इथे बिशपशिवाय आणखी एक प्रश्न होता. बाप्तिस्मा कधी द्यायचा? काही चर्च तान्ह्या बाळाला देतात. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळी म्हणतात, माणसाला कळतं झाल्यावर, त्याने स्वतः मागितल्यावरच द्यायचा, तोही पाण्यात बुडवून. ही ब्रदरन मंडळी आपल्या महाराष्ट्रात डहाणूकडे काम करत. तुमचंच लहानपणीचं भांडण आठवा: आउट कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसेल तर सामना होणार कसा?

चाळीस वर्षं लागली. शेवटी ठरलं, की दोन्ही रीती चालतील. ज्या घराला जी पटेल ती.

आणि मग २९ नोव्हेंबर १९७० उजाडला. ठिकाण नागपूर, सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथीड्रल. म्हणजे तेच, जिथे एकेकाळी चांद्याचे वुड साहेब बिशप होते. १९६० च्या दशकात तिथे जॉन सादिक हे भारतीय बिशप होते. त्या दिवशी तिथे सहा चर्च एक झाली: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींचं संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. नाव ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्चही येणार होतं. त्यांनी अगदी शेवटच्या काही महिन्यांत माघार घेतली आणि ते आजही वेगळं आहे.

मला यातला आवडणारा भाग पुढचा आहे. ‘कुणाचा हात खरा’ हा चारशे वर्षांचा वाद त्यांनी कसा मिटवला? सगळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बिशपने बिशप नसलेल्याच्या, आणि बिशप नसलेल्याने बिशपच्या. कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय कमी होतं, ते देवाला ठाऊक. आम्ही विचारणार नाही, असा त्याचा अर्थ. इतकी साधी युक्ती सुचायला एवढी वर्षं का लागली, असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटतं.

त्या दिवसापासून नागपूरच्या हिस्लॉपवाल्यांचं चर्च आणि चांद्याच्या वुडवाल्यांचं चर्च एकाच नागपूर धर्मप्रांतात आलं. तो बाकावर बसून राहिलेला पाहुणा आता पंगतीला बसू शकत होता.

डोर्नकलला कधी गेलात तर तिथलं कॅथीड्रल बघा. अझरयांनी ते उभारायला घेतलं आणि १९३९ च्या जानेवारीत ते पूर्ण होऊन खुलं झालं. पैसा पुरेना म्हणून काम रखडत रखडत, पंचवीसेक वर्षं चाललं. लांबून पाहिलं तर मशिदीसारखे घुमट आणि मनोरे, आत देवळासारखे दगडी खांब आणि कोरीवकाम. विलायती चर्चची नक्कल अझरयांना नकोच होती. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकही हेच म्हणत असत. ख्रिस्ताची भक्ती अभंगातून आणि कीर्तनातून करावी, असं त्यांना वाटे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांसाठी. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले. तरंगंबाडीची सभा भरली त्याच महिन्यात.

आणि शेवटी नकाशा पुन्हा एकदा घ्या. गडचिरोलीच्या अगदी खालच्या टोकाला सिरोंचा शोधा. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातलं काळेश्वर. सिरोंच्याच्या बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही ऐकू येतात, पुलावरून माणसं रोज ये-जा करतात. कागदावर मात्र नदीच्या अलीकडे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चा नागपूर धर्मप्रांत आहे आणि पलीकडे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’. १९७८ पासून दोघंही एका संयुक्त परिषदेत आहेत. एकमेकांच्या प्रभुभोजनाला दोघांचेही लोक बसतात. पण चर्च अजून दोनच आहेत.